लिनक्स मिंट: निपाणीतल्या झेरॉक्सच्या दुकानात किती चालतं?

माझं निपाणीत टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुकानात तीन कम्प्युटर, घरी सासऱ्यांचा एक. दुकानातल्या दोनांवर आणि घरच्यावर आता लिनक्स मिंट आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम. तिसऱ्यावर विंडोज आहे आणि ते राहणार आहे. 'लिनक्स आपल्याला जमंल काय?' असं कुणी विचारलं की मी ही वाटणीच दाखवते.

मुळात हे सुरू झालं ते विंडोज १० मुळं. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपवला. विंडोज ११ घालावं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझे दोन्ही डबे चौथ्या पिढीचे. एक आय-थ्री, एक आय-फाइव्ह, दोन्ही कंपन्यांतून निघालेला सेकंडहँड माल. चालायला ठणठणीत आहेत. बाजारात कुणीही 'क्रॅक मारून' अकरा घालून देतो. पण माझ्या काउंटरवर लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं, पॅन उघडी पडलेली असतात. तिथं असलं चोरीचं काही नको असं मला वाटतं. बाकीच्यांनी आपापलं बघावं.

मिंट निवडलं कारण त्याचा चेहरा जुन्या विंडोज ७ सारखा आहे. खाली पट्टी, डावीकडं मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. त्या गाभ्यावर पुढं शेकडो अवतार निघाले, मिंट त्यातला २००६ चा. मिंटची २२ ची मालिका उबुंटू या दुसऱ्या अवताराच्या २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पैसे शून्य. फाइल तीन जीबीच्या आसपास. रूफस नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅमनं ती पेनड्राइव्हवर चढवायची, कम्प्युटर पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, आणि हार्डडिस्कला हात न लावता आधी सगळं चालवून बघायचं. इन्स्टॉल करणं विंडोजपेक्षा सोपं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

लिहायचं आहे ते टायपिंगवर. आमच्या सीमाभागात एकाच कागदावर तीन भाषा येतात. एखादं वाटणीपत्र घ्या. उपनिबंधक कार्यालयात द्यायचं ते कन्नडमध्ये, नावं आधारवर आहेत तशी इंग्रजीत, आणि सही करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना वाचून कळावं म्हणून एक प्रत मराठीत. लग्नपत्रिकेच्या मजकुरात, दुकानाच्या पाटीत, संस्थेच्या अहवालात हेच. इतकी वर्षं आम्ही हे कसं करत होतो? मराठीला श्रीलिपी, कन्नडला नुडी, दोन वेगळी टायपिंगची सॉफ्टवेअरं. एक बंद करायचं, दुसरं उघडायचं, फाँट बदलायचा. आणि चुकून कन्नडचा फाँट मराठी ओळीला लागला की ओळीचं कडबोळं.

मिंटमध्ये सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डचे तीन लेआउट जोडले: इंग्रजी, मराठी, कन्नड. ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं की पुढची भाषा. वर्ड प्रोसेसर असो, ब्राउझर असो की फाइलला नाव देणं असो, सगळीकडं तेच. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे एकाच ओळीत 'रामचंद्र' मराठीत, पुढं सर्व्हे नंबर इंग्रजीत आणि गावाचं नाव कन्नडमध्ये लिहिलं तरी फाँटची कटकट नाही. एक बारकी गोष्ट सांगून ठेवते. पट्टीवर कोणती भाषा चालू आहे ते दाखवायला झेंडे येत असतील तर ते बंद करून अक्षरं ठेवा. मराठीलाही तिरंगा आणि कन्नडलाही तिरंगा. आपण कुठल्या भाषेत आहोत ते तिरंग्यावरून कळत नाही. (एरवी या विषयावर आमच्याकडं किती भांडणं होतात! इथं मात्र कम्प्युटरनं दोघांना एकाच झेंड्याखाली बसवलंय.)

आणि खरी मजा पुढं आहे. मराठीच्या लेआउटच्या यादीत एक इनस्क्रिप्ट आहे, म्हणजे सरकारनं ठरवलेली मांडणी, आणि एक 'कागापा' नावाचा फोनेटिक आहे, म्हणजे इंग्रजी अक्षराच्या उच्चारावर चालणारा. कागापा म्हणजे कन्नड गणक परिषद, जिनं नुडी बनवलं तीच. त्यांच्या कन्नड कीबोर्डच्या धर्तीवर मराठीचाही लेआउट लिनक्समध्ये आयता बसलेला आहे. माझ्याकडं कामाला असलेली पोरगी चिक्कोडीकडची. घरात मराठी, शाळा कन्नड, टायपिंग नुडीवर शिकलेली. इनस्क्रिप्ट मराठी तिला पाठ होईना. तिला कागापा लावून दिलं. 'के' दाबलं की क, शिफ्टबरोबर 'के' दाबलं की ख, जोडाक्षराला मध्ये 'एफ'. पाच मिनिटं बोटं चाचपडली आणि मग म्हणाली, "वहिनी, हे तर आपलंच हाय की." आता ती दोन्ही भाषा त्याच बोटांनी मारते. मराठीसाठी वेगळी माणूस ठेवायची माझी गरज तिथं संपली. हे मला कुठल्याही विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरनं दिलं नव्हतं.

जुन्या टाइपरायटरच्या वळणाचे लोक असतील तर त्यांनाही सोय आहे. आयबस आणि एमसेव्हनटीनएन अशा नावाची पॅकेजं घातली की टाइपरायटरचं रेमिंग्टनही मिळतं आणि इंग्रजी स्पेलिंगनं मराठी टाईप करायचं गमभनही. नावं ऐकून घाबरू नका, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधून एका बटणावर बसतात. मी स्वतः इनस्क्रिप्टवाली. त्यात 'शेतकऱ्यांचा' मधला ऱ्या काढायला शिफ्टबरोबर 'जे', मग हलंत, मग य आणि काना. इथल्या निम्म्या अर्जांत शेतकरी असतातच, त्यामुळं हे बोटात बसायला वेळ लागला नाही.

फाँटांचं सांगायचं तर नोटो आणि लोहित सहज मिळतात. मला छापायला 'मुक्त' नावाचा फाँट आवडतो, तो मुंबईच्या 'एक टाइप' या फाँटवाल्यांनी केलेला आहे आणि फुकट आहे. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमून दिली तर काही फाँटांत ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या वळणाचे नाही. आमच्या एका निवृत्त गुरुजींनी हे बघितलं आणि त्यांच्या आठवणींची वही माझ्याकडं टाईप करायला दिली. तेवढ्या एका ल वर मला पन्नास पानांचं काम मिळालं म्हणायला हरकत नाही.

आता कडू बाजू. ज्यांच्याकडं दहा-पंधरा वर्षांचा जुना मजकूर श्रीलिपीत आहे त्यांनी सावध राहावं. त्या काळचे फाँट युनिकोड नव्हते. मराठी दिसायचं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली. तो फाँट मशिनमध्ये नसला की मजकूर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. हे विंडोजवरही तसंच होतं, पण तिथं फाँट असतोच म्हणून कधी कळत नाही. तुमच्या विकत घेतलेल्या फाँटची फाइल लिनक्सवर टाकली तर वाचता येतं. पण त्यात नवीन टाईप करायला श्रीलिपीचाच प्रोग्रॅम लागतो आणि तो विंडोजचा. मजकूर युनिकोडमध्ये पलटवून देणारी साधनं आहेत. त्यातून काढल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीच लागतात. मी फक्त नेहमी लागणारे नमुने पलटवले: प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र, भाडेकरार, रहिवासी अर्ज. बाकीचं विंडोजच्या मशिनवर पडून आहे, मागितलं तर काढते.

वकिलांकडून येणाऱ्या वर्डच्या फाइली हा दुसरा ताप. वर्डच्या जागी वापरायचं फुकटचं लिब्रेऑफिस त्या उघडतं, बहुतेक वेळा नीटच उघडतं. पण मूळ फाइल मंगल किंवा निर्मला फाँटमध्ये असेल तर ते फाँट लिनक्सबरोबर येत नाहीत. बदली फाँटची रुंदी वेगळी, ओळी सरकतात, आणि सहीची जागा सातव्या पानाच्या तळावरून आठव्या पानाच्या डोक्यावर जाते. स्टँप पेपरवर छापायचा मजकूर असेल तर हे चालत नाही. त्यावर माझा नियम साधा: दुसऱ्यानं केलेलं आणि नुसतं छापायचं असेल तर पीडीएफ मागवायची. माझ्याकडंच तयार होणारं असेल तर लिब्रेऑफिसमध्ये. त्यात भारतीय लिप्यांचा फाँट इंग्रजीपेक्षा वेगळा नेमावा लागतो. तो एकदा स्टाइलमध्ये ठरवून ठेवला की रोज बघावं लागत नाही.

आणि प्रिंटर. झेरॉक्सच्या दुकानाचा जीव प्रिंटरमध्ये असतो, त्यामुळं माझा सगळ्यात जास्त राग इथंच आहे. एप्सनचा रंगीत इंकटँक लावला, मिंटनं आपणहून ओळखला, छापायला लागला, स्कॅनसुद्धा. नवीन वायफायवाले प्रिंटर तर बहुतेक ड्रायव्हरशिवायच चालतात. पण काळ्या छपाईचा माझा जुना लेझर, जो आमच्याकडं गल्लोगल्ली दिसतो, तो चालेना. कंपनीनं लिनक्सचा ड्रायव्हर कधीकाळी काढलाय आणि मग विसरून गेलीय. बसवला तर सकाळी छापायचा, मध्येच लाइट जाऊन आली की रांग अडकायची. परत सुरू करायला काळ्या खिडकीत कमांड मारायच्या. जूनमध्ये कॉलेजच्या प्रवेशाची गर्दी, पोरं पावसात उभी, आणि मी कमांड मारत बसलेय, हे चालणार नव्हतं. शेवटी तो प्रिंटर विंडोजच्या मशिनला जोडला, एक शेअर केलेला फोल्डर केला, लिनक्सवरून पीडीएफ त्यात टाकायची आणि तिकडून छापायची. चालतंय, पण याला तयार असलेली व्यवस्था म्हणत नाहीत. घरात असला जुना लेझर असेल तर लिनक्स घालण्याआधी पहिली चौकशी प्रिंटरची करा. प्रोसेसर, रॅम नंतर.

पेनड्राइव्हच्या बाबतीत मात्र मी मिंटवर फिदा आहे. दुकानात दिवसभर पोरांचे पेनड्राइव्ह येतात आणि त्यातले कितीतरी व्हायरसनं भरलेले असतात. सगळ्यात जुना प्रकार म्हणजे फोल्डर लपवून त्याच्या जागी शॉर्टकट बनवणारा. पूर्वी एकाचा पेनड्राइव्ह लावला की संध्याकाळपर्यंत दहा जणांकडं प्रसाद पोचायचा. लिनक्सवर तो व्हायरस चालतच नाही आणि लपवलेलं फोल्डर उघडं दिसतं. देवचंद कॉलेजचा एक पोरगा रडकुंडीला आला होता, प्रोजेक्ट गायब म्हणून. पेनड्राइव्ह लावला, फोल्डर तिथंच होतं. तो म्हणाला, "वहिनी, कसलं भारी सॉफ्टवेअर घातलाईसा!" सॉफ्टवेअर कसलं, नुसता लावला.

फॉर्मचं काम जवळपास सगळं ब्राउझरमध्ये आहे, आणि तिथं लिनक्स आणि विंडोज यात काहीच फरक उरलेला नाही. आमचं गिऱ्हाईक दोन्ही राज्यांचं. देवचंद कॉलेज निपाणीला लागून, पण जमीन महाराष्ट्राची, अर्जुननगर, कागल तालुका, विद्यापीठ शिवाजी. त्यामुळं एकाच दुपारी एकाचा कर्नाटकच्या स्कॉलरशिपचा अर्ज, दुसऱ्याचा महाडीबीटीचा, तिसऱ्याला इकडचा कर्नाटकच्या 'भूमी' पोर्टलवरचा उतारा, चौथ्याला तिकडचा सातबारा. विडी कामगार बायकांच्या पोरांची केंद्राची शिष्यवृत्ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची असते, तीही. क्रोम घातला, फायरफॉक्स आयता होता, दोन्हीत सगळी पोर्टलं उघडतात. जे पोर्टल रखडतं ते विंडोजवरही तेवढंच रखडतं. फोटो दिलेल्या केबीत बसवायला, पीडीएफची पानं जोडायला लागणारी साधनं फुकट मिळतात. व्हॉट्सॲपचं वेगळं ॲप नाही, वेबवरच वापरावं लागतं. त्यानं माझं काही अडलेलं नाही.

विंडोजचं मशिन का ठेवलं ते सांगते. बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र त्याच्यावर बसलेलं आहे आणि मला त्याच्याशी खेळायचं नाही. डिजिटल सहीचं टोकन तिथंच. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचे हिशेब टॅलीत आहेत, टॅली विंडोजचं आहे. वाईन नावाच्या थरातून विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालवता येतात हे मला माहीत आहे, पण दुसऱ्याच्या जीएसटीचे आकडे असल्या खटपटीवर ठेवायला मी तयार नाही. आणि डिझाइनचं कोरलड्रॉ. पत्रिकावाले, फ्लेक्सवाले, शिक्केवाले, सगळे सीडीआर फाइल पाठवतात. त्याच कामाचं लिनक्सवरचं फुकटचं इंकस्केप चांगलं आहे, मी त्यात शिक्क्यांची डिझाइनं करते. पण प्रेसवाल्यानं पाठवलेली सीडीआर त्यात उघडून जशीच्या तशी मिळेल असा भरवसा नाही. गंमत म्हणजे २००० साली कोरलनं स्वतःच लिनक्ससाठी कोरलड्रॉ काढलं होतं, पुढं सोडून दिलं. तुमचा धंदा प्रेसचा असेल तर लिनक्सचं नाव काढू नका. एवढंच.

घरचा कम्प्युटर सासऱ्यांचा. चार जीबी रॅम, म्हणून त्यावर मिंटचा एक्सएफसीई हा हलका प्रकार घातला आणि जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी लावली. आता झटक्यात सुरू होतो. याचं श्रेय लिनक्सवाले स्वतःकडं घेतात, पण निम्मं तरी एसएसडीचं आहे. तीच बसवली तर विंडोजही पळतं. मामा, म्हणजे सासरे, त्यावर पेपर वाचतात, कीर्तनं लावतात, पेन्शनचं स्टेटमेंट काढतात, पुण्याच्या नातीशी व्हिडिओवर बोलतात. बदलून दिल्यावर त्यांची तक्रार एकच: "अक्षरं बारीक दिसालीत, मोठी कर." केली. त्यानंतर त्यांनी कम्प्युटरबद्दल मला काही विचारलेलं नाही. पूर्वी आठवड्याला 'हे काय आलंय बघ गं' असं असायचं, कारण मध्येच खिडक्या उघडायच्या, कसलं तरी अपडेट बंद होताना अडवून बसायचं. मिंट अपडेट सुचवतं, जबरदस्ती करत नाही. रोजच्या साध्या वापराला लिनक्स तयार आहे की नाही, या प्रश्नाचं घरापुरतं उत्तर मला मामांच्या शांततेत मिळालंय.

उरतो तो दुरुस्तीचा प्रश्न, आणि तो छोटा नाही. निपाणीत विंडोज बिघडलं तर चार ठिकाणी दुरुस्त होतं. लिनक्स म्हटलं की मेकॅनिक म्हणतो, "फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो." त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही. केरळनं शाळांमधूनच लिनक्स नेलं, तिथली पोरं त्यावरच शिकली. आपल्या सीडॅकनं २००७ साली बॉस लिनक्स काढलं, त्यात मराठी-कन्नड दोन्ही होतं, पण आमच्या तालुक्यात मी ते कुठल्या टेबलावर बघितलं नाही. त्यामुळं घरात निदान एक माणूस तरी असा हवा ज्याला इंटरनेटवर शोधून चार ओळी वाचायचा कंटाळा नाही. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा. काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत नेता येतं. मी एकदा त्या लेझर प्रिंटरच्या नादात अर्धी सिस्टिम हलवली होती, दहा मिनिटांत जागेवर आणली.

आणि स्वस्तातलं वायफायचं बोंडूक (यूएसबीत लावायचा डोंगल) घेताना लिनक्सवर चालतं का ते विचारून घ्या. दुकानदाराला माहीत नसतं, म्हणून परत घेणार का तेही विचारा.

गुण द्यायचे तर मराठी-कन्नड टायपिंगला दहातले नऊ, ब्राउझरच्या कामाला नऊ, वर्डच्या फाइलींना सहा, जुन्या प्रिंटरला दोन. प्रेस, टॅली आणि ठशांच्या यंत्राला गुणच नाहीत, तो पेपर लिनक्सनं दिलेलाच नाही.

कुणाला बघायचं असेल तर दुकानावर या. येताना प्रिंटरचं मॉडेल कागदावर लिहून आणा आणि जुन्या मराठी फाइलीतली एखादी पेनड्राइव्हवर घेऊन या. एवढ्यावरून तुमचं जमेल की नाही ते तिथंच उभ्या उभ्या सांगते. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते. बसवून द्यायचे पैसे घेत नाही, पेनड्राइव्ह मात्र तुमचा.